बाळ बदलल्याची थिअरी आली की मी आधी बाळाकडे बघतच नाही

तुम्ही विचारलंय की फँटसी मालिकांमध्ये "हा खरा अमक्याचा मुलगा" किंवा "पाळण्यातच बाळं बदलली होती" अशा ज्या थिअऱ्या फिरत असतात, त्यातली दमदार कुठली आणि नुसती हवा कुठली हे ओळखायचं कसं, आणि लेखक लोक हाच खेळ परत परत का खेळतात. मी फँटसी कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांचं एडिटिंग करते, त्यामुळे असली गुपितं लिहिली जात असताना बघायला मिळतात, कुठे काय पेरलं, कुठे झाकलं, कुठे लेखक स्वतःच विसरला. उत्तर त्या बाजूने देते. लांब होणारे, आणि स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबा.

दुसरा भाग आधी उरकते कारण त्याच्यावर बऱ्यापैकी लिहून झालंय. कर्ण घ्या, मोझेस घ्या, ईडिपस घ्या, सर एक्टर नावाच्या सरदाराच्या घरी वाढलेला राजा आर्थर घ्या, वाढवणारे एक आणि जन्म देणारे दुसरे हा साचा फँटसी नावाचा प्रकार जन्मायच्या कितीतरी आधीचा आहे. फ्रॉइडने १९०९ मध्ये यावर एक छोटा निबंध लिहिला, की मुलाला एका वयात आपले आईबाप साधारण वाटायला लागतात आणि मग ते मनातल्या मनात ठरवतं की आपले खरे आईबाप कोणीतरी मोठे लोक असणार. वाचकालाही तेच हवं असतं, हीरोच्या निमित्ताने. ठीकए, मान्य. पण यातून थिअरी खरी की खोटी हे काहीच कळत नाही, उलट आपल्याला ती खरी का वाटावीशी वाटते एवढंच कळतं, म्हणून जरा सावध राहायचं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक थिअऱ्या मुलाकडे बघून केलेल्या असतात. डोळ्याचा रंग, केस, जन्मखूण, स्वप्नं, कोणता प्राणी त्याच्याजवळ येतो, कोणती तलवार त्याच्या हातात चमकते. मी एडिट करताना त्याकडे जवळजवळ बघतच नाही, कारण केसांचा रंग लिहायला लेखकाला अर्धी ओळ लागते आणि खोडायलाही तेवढीच. मी बघते लपवणाऱ्याकडे. गुपित कोणाकडे आहे? ते सांभाळायला त्याला काय किंमत मोजावी लागतेय? तो कुठे उगाच गप्प बसतो, कुठे उगाच चिडतो, कुठे असा निर्णय घेतो जो त्याच्या स्वभावाशी जुळत नाही? कारण हे लेखकाला पानोपानी सांभाळावं लागतं, ते योगायोगाने होत नाही. जी थिअरी लपवणाऱ्याचं वागणं उलगडते तिच्यात दम असतो, जी फक्त मुलाचा दर्जा वाढवते तिच्यात सहसा नसतो.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण जॉन स्नोचं. जॉर्ज आर. आर. मार्टिनचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' हे पुस्तक १९९६ चं, आणि तो नेड स्टार्क या सरदाराचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि टार्गेरियन घराण्याचा राजपुत्र रेगार यांचा मुलगा आहे ही थिअरी त्यानंतर थोड्याच काळात यूझनेटवर (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) मांडली जात होती, आर प्लस एल इज इक्वल टू जे या नावाने. लोक पुरावे म्हणून निळे गुलाब सांगतात, टॉवर ऑफ जॉयपाशी उभे असलेले किंग्जगार्डचे तीन सरदार सांगतात (राजघराण्याचे रक्षक ऐन युद्धात एका ओसाड टॉवरपाशी काय करत होते हा प्रश्न खरंच भारी आहे), लियानाचं "वचन दे मला नेड" सांगतात. हे सगळं बरोबरच आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात भक्कम पुरावा नेडच्या डोक्यातला एक साधा विचार आहे. राणी सर्सीची मुलं राजा रॉबर्टची नाहीत हे कळल्यावर तो स्वतःला विचारतो की एखाद्या परक्या मुलाचा जीव एका बाजूला आणि रॉब, सान्सा, आर्या, ब्रॅन, रिकन ही आपली मुलं दुसऱ्या बाजूला अशी वेळ आली तर मी काय करीन, आणि त्याहीपुढे, जॉनचा जीव एका बाजूला आणि बायको कॅटलिनची पोटची मुलं दुसऱ्या बाजूला असतील तर ती काय करील. आता बघा, पाच मुलांच्या यादीत जॉन नाही. आणि दुसरं म्हणजे जॉनच्या जिवाचा आणि इतर मुलांच्या जिवाचा असा सौदा करायची वेळ येईलच कशी? साध्या अनौरस मुलावर कोणता राजा सैन्य पाठवतो? हा प्रश्न फक्त अशा माणसाला पडू शकतो ज्याच्या घरात राजाला मारून टाकावासा वाटेल असा मुलगा आहे. बायकोला इतकी वर्षं का सांगितलं नाही, तिचा राग मुकाट्याने का सोसला, रॉबर्टने त्याने गादीवरून हटवलेल्या टार्गेरियन घराण्यातल्या पोरांना मारायचा विषय काढला की हा इतका का बिथरतो, सगळं एकदम जागेवर बसतं. ही थिअरी जॉनपेक्षा नेडला जास्त समजावून सांगते, आणि म्हणून ती टिकली.

आणि मार्टिनने एक हुशारी केलीय जिच्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. त्याच पहिल्या पुस्तकात त्याने बापाच्या गुपिताचं एक अख्खं कोडं वाचकासमोर सोडवून दाखवलंय. राजाचा आधीचा मुख्य मंत्री जॉन ॲरन याचे मरतानाचे शब्द, वंशावळींचं ते जाडजूड पुस्तक, रॉबर्टची सगळी अनौरस मुलं काळ्या केसांची, सर्सीची तिन्ही सोनेरी. नेड हे पायरी-पायरीने जुळवतो आणि वाचक त्याच्याबरोबर शिकतो की या जगात असला पुरावा वाचायचा कसा. शिकवणी फुकटात झाली आणि गृहपाठ जॉन स्नो. टीव्ही मालिका करायला आलेल्या बेनिऑफ आणि वाइस या दोघांना मार्टिनने जॉनची आई कोण असं विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं, ही गोष्ट त्यांनीच जाहीरपणे सांगितलीय. मालिकेत ते २०१६ मध्ये सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात उघड झालं. पुस्तकांमध्ये मात्र ते अजून उघड शब्दांत आलेलं नाहीये, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

इथे एक प्रश्न नेहमी येतो की वाचकांनी ओळखलं म्हणजे लेखकाने बदलायला नको का. अजिबात नको. मार्टिनने स्वतः २०१४ मध्ये एडिनबरोच्या पुस्तक महोत्सवात साधारण हेच सांगितलं होतं की काही वाचकांनी बरोबर ओळखलंय पण म्हणून मी ठरवलेलं बदलणार नाही, कारण आधीच पेरलेल्या खुणांशी ते खोटं ठरेल. मी लेखकांना हेच सांगत असते. कोणीच ओळखलं नाही असं गुपित म्हणजे बऱ्याचदा नीट पेरलेलंच नसतं.

आता बाळं बदलण्याकडे येते, कारण हा वेगळा प्रकार आहे आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात घालतात. लपवलेल्या जन्मात एक बाळ आणि एक खोटं लागतं. अदलाबदलीत दोन बाळं लागतात, जवळपास एका वयाची, एकाच वेळी एकाच जागी, आणि दोघांपर्यंत हात पोचणारा कोणीतरी. कोणी अशी थिअरी सांगितली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दुसरं बाळ कुठंय? निम्म्या थिअऱ्या इथेच आडव्या होतात. खरा राजपुत्र धनगराकडे वाढला हे ठीक, पण मग धनगराचं बाळ राजवाड्यात गेलं ना, त्याचं काय झालं, ते आज कोण आहे, त्याची आई गप्प कशी बसली? थिअरीवाल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं कारण ते बाळ राजपुत्र नाही.

जुन्या गोष्टी मात्र हे विसरत नाहीत. कृष्णाला गोकुळात नेलं तेव्हा यशोदेची मुलगी मथुरेच्या कारागृहात आली, कंसाने तिला शिळेवर आपटायला उचललं आणि ती हातातून निसटून आकाशात गेली, तुला मारणारा दुसरीकडे जन्मलाय असं सांगून. दुसऱ्या बाळाचा हिशोब पूर्ण. युरोपातल्या परीकथांमध्येही तसंच, पऱ्या किंवा बुटके लोक माणसाचं बाळ पळवून आपलं ठेवतात, तर ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या एका छोट्या गोष्टीत आईला सल्ला मिळतो की अंड्याच्या टरफलात पाणी उकळ, ते बघून बदललेलं पोर हसतं आणि बोलून जातं की मी इतका म्हातारा झालो पण टरफलात स्वयंपाक करताना कोणाला पाहिलं नाही. लगेच बुटके येतात, खरं बाळ परत देतात आणि आपलं घेऊन जातात. दोन्ही बाळं हजर. (या समजुतीची काळी बाजूही आहे, आजारी किंवा वेगळ्या मुलाला "हे आपलं नाहीच" म्हणून छळायचे लोक, आणि १८९५ मध्ये आयर्लंडमध्ये ब्रिजेट क्लिअरी नावाच्या मोठ्या बाईला तिच्या नवऱ्याने ही माझी बायको नव्हेच, पऱ्यांनी बदललेली आहे म्हणत जाळून मारलं. सिंहासनबिंहासन नंतर आलं, या गोष्टींच्या मुळाशी घरातल्या माणसांची भीती होती.)

हल्लीच्या फँटसीत हे सगळ्यात नीट केलेलं उदाहरण मला विचाराल तर मार्टिनच्याच मालिकेतल्या गिलीचं, आणि त्याच्यावर थिअरी करायला कोणाला फारसा वेळच मिळाला नाही कारण ते पुस्तकातच सांगून टाकलंय. भिंतीपलीकडच्या टोळ्यांचा राजा मॅन्स रेडर याची बायको बाळंतपणात गेली, गिली स्वतःच्या आणि तिच्या अशा दोन्ही बाळांना पाजतेय. मेलिसांड्रे नावाच्या पुजारणीला जादूसाठी राजाचं रक्त हवंय म्हणून मॅन्सचं बाळ धोक्यात आहे असं जॉनला वाटतं, तेव्हा तो गिलीला भाग पाडतो की मॅन्सचं बाळ घेऊन दक्षिणेला जा आणि तुझं इथे ठेव. वरून धमकीसुद्धा देतो. आता हे आपल्याला कळतं कसं ते बघा. 'अ फीस्ट फॉर क्रोज' मध्ये आपण जॉनचा मित्र सॅम याच्या डोक्यात आहोत, आणि जहाजावर गिली रडतेय, रडतच राहते. सॅमला वाटतं घाबरली असेल, पहिल्यांदा समुद्र बघतेय, आणि वाचकही तेच धरून चालतो. मग सॅमच्या डोक्यात प्रकाश पडतो की ती ज्याला पाजतेय ते तिचं नाहीच. बाळाच्या अंगावर एक खूण नाही, डोळ्याचा रंग नाही, काही नाही. एका बाईचं रडणं, ज्याचं कारण चुकीचं लावलं गेलं. तिकडे दुसरं बाळ वॉलवर, म्हणजे उत्तर सीमेवरच्या त्या भिंतीपाशी आहे आणि लेखक त्यालाही सोडत नाही, पुढच्या पुस्तकात मॅन्सची मेहुणी वॅल त्याला मॉन्स्टर म्हणत सांभाळताना दिसते. एखाद्या लेखकाने मला विचारलं की अदलाबदल कशी लिहू, तर मी हाच भाग वाचायला सांगते. शिवाय यात जॉनचंही काही उघडं पडतं, ज्याच्या जन्माचं गुपित नेडने स्वतःची अब्रू घालवून सांभाळलं तोच मुलगा दुसऱ्या आईकडून तिचं मूल काढून घेतो. नेडने किंमत स्वतः मोजली, जॉनने गिलीला मोजायला लावली.

रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' मालिकेचा हीरो रँड अल्थोर याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 'द आय ऑफ द वर्ल्ड' १९९० चं, त्यात सुरुवातीलाच त्याला वाढवणारा टॅम तापात बरळतो की बाळ डोंगराच्या उतारावर बर्फात सापडलं. म्हणजे हा मुलगा टॅमचा नाही हे जॉर्डनने लपवलंच नाही. लपवलं ते आई कोण हे, आणि १९९२ च्या 'द शॅडो रायझिंग' मध्ये एइल नावाच्या वाळवंटी जमातीचे लोक त्याच्या आईबद्दल सांगतात तेव्हाही तिचं एइलमधलं नाव देतात, मूळ नाव नाही. अँडोरची एक राजकन्या बऱ्याच वर्षांपूर्वी नवरा आणि लहान मुलगा टाकून गायब झाली होती हे दुसरीकडे, दुसऱ्याच कोणाच्या तोंडून येतं. जोडायचं आपण. आणि जोडलं की लक्षात येतं की तिने टाकलेला तो मुलगा, गॅलाड, हा रँडचा सावत्र भाऊ आहे, जो अनेक पुस्तकांपासून तिथेच वावरतोय. थिअरी म्हणून मला हे फार आवडतं कारण एक पात्र तापात बोललं, एक लोकांच्या सन्मानापोटी गप्प राहिलं, एकाला महत्त्वच माहीत नव्हतं, तिघांचं अर्धं-अर्धं ज्ञान तीन ठिकाणी ठेवलंय आणि कोणी खोटं बोललेलं नाही.

याच्या उलट, नुसत्या मुलाकडे बघून केलेल्या थिअरीचं काय होतं याचा नमुना मार्क इव्हान्स. हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकात, २००३ च्या, हॅरीचा मावसभाऊ डडली याने मार्क इव्हान्स नावाच्या दहा वर्षांच्या पोराला मारलं असा एका ओळीत उल्लेख आहे. हॅरीच्या आईचं माहेरचं आडनाव इव्हान्स. झालं, हा हॅरीचा लपवलेला नातेवाईक, याचंही वय जादूच्या शाळेत जायचं होतंय, हा पुढच्या पुस्तकात येणार. २००४ मध्ये रोलिंगने आपल्या साइटवर स्पष्ट लिहिलं की तो कोणीही नाही, आडनाव फार कॉमन आहे म्हणून वापरलं, आणि वर वाचकांची माफीही मागितली. आता त्या थिअरीला माझा प्रश्न विचारून बघा, लपवणारा कोण? हॅरीची मावशी पेट्युनिआ? तिच्या वागण्यात मार्कविषयी एक अक्षर नाही. डंबलडोर? नाही. कोणीच काही लपवत नव्हतं, म्हणजे लपवलेलं काही नव्हतं. हे उत्तर यायच्या आधीही सांगता आलं असतं.

परत मार्टिनकडे. टिरियन हा टार्गेरियन राजाचा मुलगा आहे ही थिअरी मात्र इतक्या सहज उडवता येत नाही, कारण तिथे लपवणारा आहे, त्याचा बाप म्हणवला जाणारा टायविन. त्या टार्गेरियन राजाची, वेड्या राजाची, टायविनच्या बायकोवर नजर होती हे पुस्तकात आहे. टायविन टिरियनचा द्वेष करतो, मरताना तू माझा मुलगा नाहीस असं म्हणतो. कसोटीला उतरायला हवी ना मग? इथे मी दुसरा प्रश्न विचारते, ही थिअरी खरी धरली तर कथेतलं काय मोडतं? टायविनच्या द्वेषाला आधीच पुरेसं कारण आहे, बायको बाळंतपणात गेली आणि मुलगा बुटका, आणि त्याच्यासारख्या अहंकारी माणसाला एवढं पुष्कळ झालं. आणि टायविनची बहीण जेना टिरियनच्या मोठ्या भावाला, जेमीला, सांगते की टायविनचा खरा मुलगा टिरियन आहे, तू नाहीस. तो टोमणा रक्ताबद्दल नाहीये, बापाचं डोकं, बापाचा क्रूरपणा, सगळं नेमकं त्याच मुलात उतरलं ज्याला बाप मुलगा मानायला तयार नव्हता. टिरियनला दुसऱ्या कोणाचा केला की ही सगळी कडू गंमत पुसली जाते आणि टायविन चक्क बरोबर ठरतो. त्याचा द्वेष मग न्याय्य होतो! कुठल्या लेखकाला असं हवं असेल? मला नाही वाटत.

काही वेळा लपवणाऱ्याला शोधण्यात अर्थच नसतो कारण लेखकालाच त्या वेळी माहीत नसतं. स्टार वॉर्सची दुसरी फिल्म १९८० ची, तिच्या पटकथेचा ली ब्रॅकेटने लिहिलेला पहिला मसुदा १९७८ चा, त्यात ल्यूकचा बाप वेगळाच माणूस आहे, भूत बनून येऊन ल्यूकला भेटतो. खलनायक वेडर हाच बाप हे त्यानंतर ठरलं. लिआ ही बहीण हे तर अजून नंतरचं, नाहीतर १९८० मध्ये ल्यूक आणि लिआचं ते चुंबन कोणी ठेवलं नसतं. त्यामुळे १९७७ च्या फिल्ममधले "पुरावे" म्हणजे नंतर लावलेला अर्थ आहे. नव्या फिल्म्सची हिरोईन रे, तिचं तर काय बोलावं, २०१५ ला प्रश्न विचारला, २०१७ ला उत्तर दिलं की आईबाप कोणीच नव्हते, दारूच्या पैशासाठी पोरगी विकली, आणि २०१९ ला म्हणे ती दुष्ट सम्राट पाल्पटीनची नात. एका घरात तीन स्वयंपाकी. लांब चालणाऱ्या मालिकेत, आणि खासकरून अनेक हातांनी लिहिलेल्या, पेरलेली खूण आणि नंतर सापडलेली खूण यात फरक करायला शिका. पेरलेल्या खुणेला पहिल्या वाचनात स्वतःचं वेगळं काम असतं. गिलीचं रडणं पहिल्या वाचनात भीती म्हणून चालतं. नंतर सापडलेल्या खुणेला असं काम नसतं, ती नुसतीच तिथे असते.

या कसोटीवर क्वोथची आई लॅकलेस या बड्या घराण्यातून पळालेली मुलगी आहे ही थिअरी एकदम मस्त उतरते. पॅट्रिक रॉथफसची ही मालिका २००७ च्या 'द नेम ऑफ द विंड' पासून सुरू झाली, तिच्यात क्वोथचा बाप बायकोला चिडवत एक गाणं म्हणतो, गंमत म्हणून, आणि बायको त्याला त्याबद्दल गाडीखाली झोपायला लावते. पहिल्या वाचनात हसायचं आणि पुढे जायचं. पण शेवटची ओळ मोठ्याने म्हणून बघा, अक्षरं एकमेकांत मिसळली की लॅकलेस घराण्यातल्या पळून गेलेल्या मुलीचं अख्खं नाव ऐकू येतं. २०११ च्या दुसऱ्या भागात मेलुअन लॅकलेस भेटते जिची बहीण फिरत्या नाटकवाल्यांपैकी एकाबरोबर पळाली होती म्हणून तिला त्या जमातीचा, म्हणजे क्वोथच्या बापाच्याच जमातीचा, राग आहे. तिसरा भाग अजून आलेला नाही म्हणून कागदोपत्री थिअरीच, पण मी एडिटर म्हणून सांगते, असली ओळ चुकून लिहिली जात नाही. आणि बायको का चिडली याचंही उत्तर मिळतं. लपवणारी ती, आणि नवरा मुलासमोर गाण्यातून फोडतोय!

थोडं थांबून ज्यांनी या सगळ्याची थट्टा केलीय किंवा नकार दिलाय त्यांच्याबद्दल. टेरी प्रॅचेटच्या 'विर्ड सिस्टर्स' मध्ये, १९८८, गादीचा वारस टॉमजॉन नटांमध्ये वाढतो, त्याला राजा व्हायचंच नसतं, मग चेटकिणी सांगतात की विदूषक हा त्याचा सावत्र भाऊ आहे, लोक समजतात दोघांचा बाप म्हातारा राजा, आणि विदूषक गादीवर बसतो. खरं म्हणजे सामाईक बाप विदूषकाचा बाप होता. म्हणजे राजाचं रक्त दोघांतही नाही, आणि राज्य छान चालतं. चेटकिणींनी एकही खोटं वाक्य बोललेलं नाही. आणि लॉइड अलेक्झांडरच्या प्रिडेन मालिकेत टॅरन एक अख्खं पुस्तक, १९६७ चं, स्वतःचे आईबाप शोधत फिरतो, एक धनगर मी तुझा बाप असं खोटंच सांगतो, आणि १९६८ च्या शेवटच्या पुस्तकात कळतं की त्याला लढाईनंतर प्रेतांच्या जवळ सापडलेलं बाळ म्हणून आणलं, कोणाचं ते कोणालाच माहीत नाही, आणि तरी राजा तोच. थिअरीवाल्यांच्या दृष्टीने हा लेखक म्हणजे शत्रू. मला स्वतःला तो शेवट जॉन स्नोच्या थिअरीपेक्षा जास्त आवडतो, पण तो माझा मामला झाला.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात कमी चर्चा झालेला प्रकार, अदलाबदल झालीच नव्हती पण झाली असं कोणीतरी सांगतंय. खऱ्या इतिहासात अदलाबदलीची अशी नुसती आवई उठल्याची उदाहरणं भरपूर आहेत. १६८८ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सला मुलगा झाला, कॅथलिक वारस, आणि लगेच अफवा उठली की राणीचं बाळ मेलं किंवा बाळ झालंच नाही, अंथरूण गरम करायच्या पितळी भांड्यात लपवून दुसरंच बाळ खोलीत आणलं. खोलीत माणसांची ही गर्दी होती. शेवटी राजाला साक्षीदार बोलावून जबान्या नोंदवून घ्याव्या लागल्या, तरी लोकांनी मानलं नाही, खुद्द राजाची मुलगी ॲन, जी त्या वेळी तिथे नव्हतीच, बहिणीला शंकेची पत्रं लिहीत होती. त्याच वर्षी जेम्सची गादी गेली. १८२८ मध्ये न्यूरेंबर्गला कास्पर हाउझर नावाचा मुलगा उगवला, तर तो बाडेनचा पाळण्यात बदललेला राजपुत्र आहे ही कथा जवळपास दोनशे वर्षं चालली, २०२४ मध्ये डीएनए तपासणीने ते नातं नसल्याचं दाखवलं. दोन्हीकडे लोकांना कोणता राजा हवा होता हे बघितलं की थिअरी का चालली ते कळतं.

आणि याच चष्म्यातून मार्टिनच्या यंग ग्रिफकडे बघा. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' मध्ये, २०११, हा मुलगा सांगतो की मी रेगारचा मुलगा एगॉन, दरबारातला हेरप्रमुख व्हेरिस याने मला पळवलं आणि माझ्या जागी एका कातडी कमावणाऱ्याचं पोर ठेवलं, ज्याची आई बाळंतपणात गेली होती आणि बापाने ते पोर आर्बर गोल्ड दारूच्या एका सुरईसाठी विकलं. दुसरं बाळ कुठंय हा माझा प्रश्न, आणि इथे उत्तर आधीच तयार, घासूनपुसून, अगदी दारूच्या नावासकट. मेलं, चेहरा ओळखू येत नव्हता, आई नाही, बाप दारुडा, विचारायला जिवंत कोणी नाही. मला तेच संशयास्पद वाटतं. खऱ्या अदलाबदलीत गिली रडत असते. इथे कोणी रडत नाही.

म्हणून मग लपवणाऱ्यांकडे बघायचं. व्हेरिसच्या बाजूने लोक म्हणतात की तो मरणाऱ्या केव्हनला, टायविनच्या भावाला, एगॉन जिवंत आहे, इथे आलाय असं सांगतो, मरणाऱ्याशी कशाला खोटं बोलेल. मुद्दा चांगला आहे. पण तो भाग परत वाचा, त्या खोलीत व्हेरिससाठी हेरगिरी करणारी पोरं हजर आहेत, म्हणजे ऐकणारा एकटा केव्हन नाही, आणि व्हेरिस सगळा वेळ त्या मुलाला कसं वाढवलं, काय शिकवलं हे सांगतो, बापाचं नाव कुठे घेत नाही. आणि व्हेरिसचा जोडीदार इलिरिओ बघा. जाडा, हिशोबी, ज्याला कोणाचं काही पडलेलं नाही असा व्यापारी, तो टिरियनबरोबर त्या मुलासाठी आल्याच्या पाकवलेल्या वड्यांची पेटी पाठवतो, त्याला लहानपणापासून आवडतात म्हणून, आणि निरोप द्यायला आपल्याला जाता येत नाही म्हणून खरंच खट्टू होतो. त्याआधी तो टिरियनला मेलेल्या बायकोबद्दल सांगतो, सेरा, लीसची, फिकट सोनेरी केसांत चांदीची झाक, तिचे हात त्याने अजून जपून ठेवलेत. हा मुलगा टार्गेरियनांच्या बंडखोर अनौरस शाखेतला, म्हणजे ब्लॅकफायर, आहे असं मानणारे थिअरीवाले कापडी ड्रॅगन आणि गंजून लाल झालेला काळा लोखंडी ड्रॅगन असल्या खुणा मोजत बसतात, मोजू देत, पण मला ती पेटी पुरते. सहावं पुस्तक येईल तेव्हा येईल, आल्यावर मी त्या मुलाचे केस कोणत्या रंगाचे निघतात हे शोधणार नाही, बापाच्या जागी इलिरिओचं नाव शोधीन.